प्रायॉरिटी एक हजार एक

५ फेब्रुवारी २००७, सोमवार

शून्य. आजही शून्य.

रोज सकाळी दहाला आमच्या आरमोरीच्या सिकलसेल तपासणी केंद्राचा सर्व्हर एक ओळ छापतो — किती अपडेट बाकी, किती बसवले. शून्य बाकी, शून्य बसवले. गहाणे सर त्या कागदाला पंच मारून फाईलला लावतात, खाली सही करतात. केंद्र चालवणाऱ्या मंडळाचे सचिव आहेत ते. चौदा महिन्यांची जाडजूड फाईल झाली आहे, सगळी शून्याची.

आधी मलाही बरं वाटायचं. शून्य बाकी म्हणजे सगळं ताजं. पण सर्व्हर ज्या डेबियन सिस्टिमवर चालतो, तिच्या सुरक्षा यादीत मी माझं नाव घातलंय, त्यांचे मेल मला येतात. दिवाळीनंतर पीएचपी नावाच्या प्रोग्रामबद्दल मेल आला होता — भोक सापडलंय, बुजवलंय, ताबडतोब नवं घ्या. आमची वेबसाईट पीएचपीवर चालते. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचं अख्खं रजिस्टर त्याच्यावर चालतं. मग आमच्याकडे शून्य कसं?

आज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून सर्व्हरलाच विचारलं. नुसतं पाहायला मुख्य पासवर्ड लागत नाही, बदलायला लागतो. त्यानं सरळ सांगितलं. हा प्रोग्राम दोन ठिकाणी मिळतो. एक, आपल्याच डिस्कवर उतरवून ठेवलेल्या सीडींची जुनी प्रत, आवृत्तीचा शेवटचा आकडा सोळा. दुसरं, सुरक्षेचं ठिकाण, शेवटचा आकडा अठरा. घेणार कोणता? सोळा.

कारण जुन्या प्रतीसमोर लिहिलंय १००१. सुरक्षेसमोर ५००.

म्हणजे नवं आलेलं आहे. दारात उभं आहे. आणि आमचा सर्व्हर रोज सकाळी छापतो — काही बाकी नाही.

६ फेब्रुवारी

रात्रभर तेच डोक्यात. त्या आकड्याला प्रायॉरिटी म्हणतात. ज्याचा आकडा मोठा, त्याचं चालतं. नेहमीचा पाचशे. हजाराच्या वर नेला तर बसलेलं नवं काढून जुनं बसवील, इतका त्याचा मान. प्रेफरन्सेस नावाची फाईल आहे, तिच्यात तीन ओळी. फक्त तीन! चंद्रपूरच्या कोर्समध्ये तिथल्या सरांनी हे अर्ध्या तासात उरकलं होतं आणि म्हणाले होते, याच्या नादी लागू नका.

नागपूरला आदेश सरांना फोन केला. सर्व्हर त्यांनी बसवला, रजिस्टरचा प्रोग्रामही त्यांचाच. आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. म्हणाले, "ते मीच केलं आहे. चालून राह्यलं ना? मग चालू दे."

मी विचारलं, काऊन केलं?

मग त्यांनी सांगितलं. मी लागायच्या आधीची गोष्ट. दिल्लीहून पाहुणे आले होते, केंद्राला मदत देणारे. त्याच सकाळी आपोआप एक अपडेट बसला आणि रजिस्टरच्या पानावर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. पाहुणे समोर बसलेले, गहाणे सर घामाघूम. दोन तास. पाहुणे चहा पिऊन निघून गेले. त्या दिवशी गहाणे सर आदेश सरांना सर्वांसमोर जे बोलले, ते त्यांनी मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की त्यानंतर या मशीनवर त्यांच्या परवानगीशिवाय पान हलणार नाही अशी सोय करून ठेवली.

त्यांचंही खरं आहे. पण त्यांनी पाहुण्यांपासून वाचायला सोय केली. चोरांपासून नाही.

९ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. मराठीत, साधं. भोक काय आहे, नवं कुठे आहे, कोणत्या तीन ओळींमुळे ते येत नाही. गहाणे सरांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी वाचलं. पूर्ण वाचलं, ते मान्य करते. मग चष्मा काढून शून्याची फाईल उघडली आणि आजचा कागद माझ्यासमोर धरला. "हे काय लिहिलं आहे? वाच." मी वाचलं. "मग?"

मी म्हटलं, सर, हे शून्य खोटं आहे.

"तू एन्ट्री करून राह्यली ना? एन्ट्री कर."

१४ फेब्रुवारी

सुकरीबाई आली आज, मुलचेऱ्याकडून. चार दिवस गावं फिरत होती. केंद्राची आरोग्यसेविका आहे, गोंडी, माडिया, बंगाली, सगळ्यांशी बोलते. आल्याबरोबर माठाजवळ बसली, दोन तांबे पाणी प्यायली, मग नमुन्यांची पेटी उघडली. एकशे बारा नमुने!

मी तिला विचारलं, लोक बोट पुढे करतात कसे? कोणाला आपल्या पोरीचं रक्त द्यायचं असतं?

ती म्हणाली, "मी पयले जबान देतो, मंग बोट मांगतो." तिकडच्या बाया असंच बोलतात, मी देतो, मी जातो. "सांगतो का बाप्पा, तुहं नाव माह्याजवळ राहीन अन् केंद्रात राहीन. तिसऱ्याले माईत नाई होणार."

वाहक म्हणजे ज्याला स्वतःला काही होत नाही, फक्त रक्तात एक खूण असते. जोडीदारही वाहक असला तरच लेकरांना धोका. एवढी साधी गोष्ट. पण गावात "वाहक" शब्द कळला की लोक त्या घराची सोयरीक टाळतात. म्हणून जबान.

अकरा हजार चारशे नावं आहेत रजिस्टरमध्ये. नाव, बापाचं नाव, गाव, वय, निकाल. त्यातली अर्धी मी भरली आहेत, या बोटांनी.

सुकरीबाईला भोकाचं सांगितलं नाही. काय सांगू?

२१ फेब्रुवारी

शून्य.

२ मार्च, शुक्रवार

दुसरं पत्र. या वेळी यादी जोडली, चौदा महिन्यांत सुरक्षेचे किती अपडेट आले आणि आपण किती घेतले नाहीत त्याची. दोन पानं भरली. शेवटी लिहिलं, रजिस्टर सुरक्षित नाही, वेबसाईट निदान या मशीनवरून तरी काढा.

योगायोगानं आदेश सर आलेच होते प्रिंटरसाठी. गहाणे सरांनी पत्र त्यांच्याकडे सरकवलं. आदेश सर वाईट माणूस नाही, मला कोर्सची पुस्तकं त्यांनीच दिली होती. पत्र वाचताना कान लाल झाले त्यांचे. मग म्हणाले, थेअरीत बरोबर आहे सर, पण आरमोरीच्या मशीनमध्ये घुसून कोण काय नेणार? इथे बँक आहे काय?

गहाणे सर हसले. मीही हसायला पाहिजे होतं बहुतेक.

मी म्हटलं, माझ्याकडे मुख्य पासवर्ड द्या. आधी दुसऱ्या मशीनवर नवं बसवून पाहते, चौकोन आले तर तिथेच कळतील. प्रोग्राम दुरुस्त करू, मग इथे आणू. महिनाभराचं काम.

"अन् पाहुणे आले तं?" गहाणे सर म्हणाले. "एप्रिलमधी येऊन राह्यले थे."

पासवर्ड आदेश सरांकडे आणि एक पाकिटात बंद, गहाणे सरांच्या कपाटात. पाकिटावर लाखेचं सील आहे. ऑपरेटरला देता येत नाही, नियम आहे म्हणे.

८ मार्च

महिला दिन. केंद्रात गुलाबाचं फूल दिलं प्रत्येकीला. भाषण गहाणे सरांचं, विषय महिला आणि संगणक. माझं नाव घेतलं, म्हणाले आमची अंजुम सर्व्हरसुद्धा सांभाळते.

घरी येऊन फूल अम्मीला दिलं.

११ एप्रिल

पाहुणे येऊन गेले. अक्षरं नीट दिसली. टाळ्या. गहाणे सर दिवसभर खुशीत.

मोडेमचा हिरवा दिवा मात्र थांबतच नाही. दुपारी लाईट आली की सर्व्हर चालू होतो आणि लगेच दिवा धावायला लागतो. केंद्रात नेट वापरणारं कोणीच नव्हतं तेव्हाही. मुलचेऱ्याच्या उपकेंद्राला डेटा पाठवायला तासन्‌तास लागतात. आदेश सरांना फोन केला. म्हणाले, उन्हाळ्यात लाईनच तशी असते, बंद करून सुरू कर.

बंद करून सुरू केला. दिवा धावतोच आहे.

१९ एप्रिल

अब्बांनी विचारलं, आजकाल गप्प का असतेस. सांगितलं थोडंसं. अब्बा धानाच्या व्यापाऱ्यांचे काटे दुरुस्त करतात, आयुष्य गेलं त्यात. त्यांनी हातातला पाना ठेवला आणि म्हणाले की काट्यावर एकदा सरकारी शिक्का बसला की मग लोक शिक्काच पाहतात, काटा कोणी पाहत नाही. बिघडलेला काटा शिक्क्यासकट वर्षभर चालतो. सांगणारा मेकॅनिक असला तर तो गिऱ्हाईक गमावतो.

मग पुन्हा पाना उचलला. इतकंच. पण या वर्षात माझं म्हणणं कोणाला कळलं असेल तर त्यांना.

४ मे, शुक्रवार

रात्र फार झाली. तरी लिहिते.

सकाळी अकराला एक बाई आली. पन्नाशीची, नदीपलीकडच्या गावची. मागे तिची मुलगी, डोक्यावरून ओढणी घेतलेली. बाईचं नाव गुणाबाई, मुलगी पूनम. मला वाटलं तपासणीला आल्या. गुणाबाई म्हणाली, कम्पुटरवाली बाई कोण?

मी म्हटलं, मीच.

तिनं पिशवीतून कागद काढला. चार घड्या केलेला, छापलेला. इंग्रजीत ओळीच ओळी. एका ओळीखाली पेनानं रेघ. पूनम, वडील वारलू, वय वीस, गावाचं नाव, आणि शेवटी — वाहक.

ती आमच्या रजिस्टरची ओळ होती. ती मीच भरली होती, गेल्या पावसाळ्यात. वारलूच्या स्पेलिंगमधली चूकसुद्धा माझीच.

लग्न तेरा तारखेला होतं. सिंदेवाहीकडची सोयरीक, पत्रिका वाटून झालेल्या. नवऱ्या मुलाचा चुलतभाऊ नागपूरला असतो. त्यानं गंमत म्हणून सायबर कॅफेत नेटवर मुलीचं नाव आणि गाव टाकलं. हे पान निघालं. त्यानं छापलं आणि घेऊन आला. काल संध्याकाळी त्यांची माणसं येऊन कागद ओट्यावर ठेवून गेली.

गुणाबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मला विचारलं, "बाई, आमी तं फक्त तुमाले सांगतलं होतं. मंग हे नागपूरच्या पोट्ट्याले कसं माईत झालं?"

 पूनम कागदाकडे नाही, माझ्याकडे पाहत होती.

त्यांना बसवून मी स्वतः शोधलं. तिचं नाव, गाव. पहिल्याच ओळीत आमचा सर्व्हर. वेबसाईटच्या फोटोंच्या फोल्डरमध्ये एक फाईल, आमच्यापैकी कोणी ठेवलेली नाही. तारीख दोन एप्रिल. उघडली. पूर्ण रजिस्टर. अकरा हजार चारशे. कोणीतरी आत घुसला, सगळं एकत्र बांधलं, न्यायला सोपं जावं म्हणून उघड्या फोल्डरमध्ये ठेवलं, नेलं आणि तिथेच टाकून गेला. मग नेटवरच्या सर्च इंजिननं ते वाचून घेतलं आणि जगाला दाखवायला लागलं.

गहाणे सर चामोर्शीला मीटिंगला गेले होते. मी सर्व्हरची नेटची तार ओढून काढली. हातातच धरून उभी राहिले.

हिरवा दिवा विझला. गुणाबाई दारातून म्हणाली, आमी जाऊ काय आता?

५ मे

गहाणे सरांचं पहिलं वाक्य — तार कोणाला विचारून काढली? मुलचेऱ्याचा डेटा थांबला, सिंदेवाहीचा थांबला.

मी कागद दाखवला. मग बसले. पाणी मागितलं.

दुपारी आदेश सर पोहोचले. तीन तास मशीनसमोर. मी मागे उभी. त्यांनी एक-एक नोंद वाचली. कुठून आला, कसा आला. पीएचपीच्या त्याच भोकातून. दिवाळीनंतर बुजवलेलं भोक. बुजवायचं सामान पाचशेच्या रांगेत उभं होतं, आणि वर एक हजार एक बसलेला होता. आमच्या मशीनवरून जगभर जाहिरातींचे मेलही जात होते, लाखांनी. म्हणून दिवा.

आदेश सरांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. स्क्रीनकडे पाहतच म्हणाले, "तू सांगितलं होतं."

एवढंच. तेही हळू, गहाणे सर बाहेर असताना.

७ मे, सोमवार

मंडळाची बैठक. मला शेवटी बोलावलं.

आदेश सरांनी सांगितलं की चोर कुठून आला हे नक्की सांगता येत नाही, ऑपरेटरच्या मशीनचा पासवर्ड सोपा असण्याची शक्यता आहे. शक्यता! परवा माझ्यासमोर वाचलेल्या नोंदी कुठे गेल्या? मी त्यांच्याकडे पाहिलं. घराचे हप्ते आहेत त्यांचे, दोन मुली आहेत. ते टेबलाकडे पाहत होते.

मी दोन्ही पत्रांच्या प्रती काढल्या. गहाणे सरांनी हातात घेतल्या, मागून-पुढून पाहिल्या. "यावर आवक क्रमांक कुठे आहे?"

मी म्हटलं, सर, मी तुमच्या हातात दिली होती.

"आवक क्रमांक नाही म्हणजे पत्र कार्यालयाला मिळालं नाही." आणि ते चिडून नाही म्हणाले. समजावल्यासारखं म्हणाले, जसं मी नवीन असते.

मग त्यांनी शून्याची फाईल पुढे केली. सदस्यांनी पानं उलटली. चौदा नाही, आता सतरा महिने. रोजची नोंद, रोजची सही. एक सदस्य म्हणाले, देखभाल तर व्यवस्थित दिसते.

१२ मे

फाईल काढून टाकली तरी नेटवर जुनी प्रत दिसतेच. आदेश सरांनी अर्ज पाठवलाय म्हणे. मी रोज एकच नाव टाकून पाहते. येतं.

उद्या तेरा.

१६ मे

सुकरीबाई तीन गावं फिरून परत आली. पेटी रिकामी. एका गावात तिला ओट्यावर बसू दिलं नाही. बारा वर्षं त्या गावात जाते, बाळंतपणं केली आहेत तिथली. एक म्हातारी म्हणाली, तुही जबान कम्पुटरमधी टाकली काय?

सुकरीबाईनं मला हे सांगितलं आणि माठाजवळ बसली. पाणी प्यायली नाही. मी म्हटलं, तुमची काय चूक, बाई. ती म्हणाली, "चूक कोनाची असन थो पाहो. तोंड तं माहंच होतं ना."

रडली नाही ती. मी रडले, संडासात जाऊन.

२१ मे

करार वाढवत नाही. एक ओळीचं पत्र. त्याला मात्र जावक क्रमांक आहे. ४१७.

अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, चांगलं झालं. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली.

२६ मे

कळलं की आदेश सरांनी त्या तीन ओळी काढल्या. सगळे अपडेट बसवले. अक्षरांचे चौकोन आले म्हणे, दीड दिवसात दुरुस्त केले.

दीड दिवस. मी महिना म्हटलं होतं.

२ जून, शनिवार

सुकरीबाईला म्हटलं, मला पूनमच्या गावी ने. का, ते सांगता आलं नाही. ती चल म्हणाली.

नदीच्या पुलावरून सायकलींनी गेलो. ऊन फार. गुणाबाई अंगणात मोहाची टोळी, म्हणजे तेलाच्या बिया, फोडत होती, गोट्यावर गोटा. मला ओळखलं. उठली नाही, पण पाय आवरून जागा केली. वारलूभाऊ खाटेवर होते, त्यांनी हात जोडले आणि घरात गेले. माझ्याशी बोलायची त्यांची इच्छा नव्हती, आणि मला ते बरोबरच वाटलं.

मी माफी मागितली. गुणाबाईनं टोळी फोडणं थांबवलं नाही. म्हणाली, नवरा मुलगाही तपासलेला आहे, केंद्रातच. त्याच्या रक्तात काही नाही. म्हणजे लेकरांना कसला धोका नव्हताच. तिनं त्यांच्या घरी जाऊन हे सांगितलंही. ते म्हणाले, कागद सगळ्या गावानं वाचला, आता काय.

पूनम पाणी घेऊन आली. ओढणी आज डोक्यावर नव्हती. बारीक मुलगी, पण आवाज ठाम. मला म्हणाली, "सुकरीबाई सांगत होती, तुमी एकट्याच भांडल्या म्हणून. नोकरी गेली म्हणते तुमची."

मी मान हलवली.

मग तिनं सांगितलं, ती सुकरीबाईबरोबर जायला लागली आहे. गेल्या आठवड्यात दोन गावं केली. लोक दार लावून घ्यायला लागले की ही पुढे होते आणि स्वतःचाच कागद दाखवते, तो रेघ मारलेला. "माहं नाव तं साऱ्याले माईत झालंच हाये. मंग मीच सांगतो, पाहा, मी वाहक हाये, मले काई झालं काय?" पहिल्या गावात कोणी बोट दिलं नाही. दुसऱ्यात नऊ जणांनी दिलं. नऊ!

गुणाबाई खाली पाहत टोळी फोडत होती. तिला हे पसंत नाही, दिसत होतं. पण अडवलंही नव्हतं.

पूनमला नीट समजून घ्यायचं होतं. नेमकं काय झालं होतं, ताई? दहावी झालेली आहे. मी जमिनीवर काडीनं दोन चौकोन काढले. हे जुनं सामान, हे नवं. जुन्यासमोर हजार एक, नव्यासमोर पाचशे. मशीन मोठा आकडा पाहते. जुनं फुटकं असलं तरी तेच घेते, आणि वर सांगते की सगळं ठीक आहे.

ती उकिडवी बसून पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे दवा गावात आली होती. दवाखान्यानंच घेतली नाई."

मी म्हटलं, हो. तसंच.

"मंग थो आकडा कोनी पुसू नाई शकत होता काय?"

मी म्हटलं, पासवर्ड नव्हता माझ्याकडे.

तिनं माझा हात धरला. जाताना गुणाबाईनं टोळीचं तेल दिलं बाटलीत, घे म्हणाली, उन्हात आली तू.

५ जून, मंगळवार

पासवर्ड होता.

सतरा मार्च, शनिवार. त्या दिवशी मी इथे काही लिहिलं नाही. सर्व्हर अडकला होता, गहाणे सर सुट्टीवर, आदेश सर लग्नात. त्यांनी फोनवर मुख्य पासवर्ड सांगितला, म्हणाले, सुरू कर आणि विसरून जा. मी सुरू केला. मग ती फाईल उघडली. तीन ओळी. पुसायला एक मिनिट पुरलं असतं. केंद्रात मी एकटी होते, पंधरा मिनिटं त्या ओळींकडे पाहत बसले. दोन पत्रं आठवली, ते हसणं आठवलं. पुसलं आणि चौकोन आले तर माझ्या नावावर. नाही पुसलं आणि चोर आला तर त्यांच्या नावावर.

म्हटलं, येऊ दे. कळू दे त्यांना एकदा.

फाईल बंद केली.